पक्षाच्या बैठकीत ठरलं, मग महासभेत बोलू की नको?

पत्र:

सप्रेम नमस्कार,

मी नाशिक महापालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका आहे. पक्षाचं नाव लिहीत नाही. सत्तेत आहोत की विरोधात, तेही नको, कारण पद्धत सगळीकडे सारखीच आहे असं आता कळलंय. महासभेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गटाची बैठक होते. गटनेते विषयपत्रिका समोर घेतात आणि एकेका विषयावर सांगत जातात: याला पाठिंबा, हा तहकूब करायचा, यावर कोणी बोलायचं नाही. मागच्या वेळी माझ्या प्रभागातली एक मोकळी जागा एका संस्थेला देखभालीसाठी द्यायचा विषय होता. बैठकीत जागेचा नकाशा आणि दोन पानांचं टिपण हातोहात फिरलं. मी शंका काढल्या, थोडी वादावादीही झाली. शेवटी "पाठिंबा द्यायचा आणि गप्प बसायचं" असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात विषयाचा क्रमांक वाचला, "मंजूर, मंजूर" झालं आणि पुढचा विषय सुरू झाला. आमच्या कॉलनीतली काही मंडळी मुद्दाम सभा बघायला आली होती. बाहेर पडल्यावर त्यातले एक आजोबा म्हणाले, "ताई, लग्न आधीच लागलं होतं, आम्हाला काय नुसत्या अक्षता टाकायला बोलावलं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

अशी बंद बैठक कायद्यात बसते का? ती लोकांसाठी खुली असायला नको का? मी सभागृहात तोंड उघडलं तर माझं पद जाईल का? आणि पक्षाच्या बैठकीत काय झालं ते मी कॉलनीतल्या लोकांना सांगू शकते का?

– एक नगरसेविका, नाशिक

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने तुम्हाला सगळ्यात जास्त छळलंय हे पत्रातून दिसतं. त्याकडे येतेच, पण आधी कायद्याचं बघू, कारण त्यातच तुमची अर्धी भीती कमी होईल.

पक्षाची बंद बैठक बेकायदेशीर नाही. महापालिकेचा कारभार ज्या कायद्याने चालतो, तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, महासभेबद्दल बोलतो, स्थायी समितीबद्दल बोलतो, प्रभाग समित्यांबद्दल बोलतो. आदल्या संध्याकाळी एका पक्षाचे नगरसेवक एकत्र बसून काय ठरवतात, ही त्याच्या दृष्टीने खासगी मंडळींची खासगी बैठक आहे. तिला नोटीस लागत नाही, गणपूर्ती लागत नाही, इतिवृत्तही लागत नाही. माहितीच्या अधिकारातूनही तिथे पोचता येत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने 3 जून 2013 रोजी सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकार कायद्याखाली येतात असा आदेश दिला होता. पक्षांनी तो कधी अमलात आणला नाही आणि विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा उद्या कोणी "तुमच्या गटाच्या बैठकीचं इतिवृत्त द्या" असा अर्ज केला, तर त्याच्या हाती काही लागणार नाही.

महासभेचं मात्र तसं नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत सभेचे नियम दिलेत आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की महापालिकेची प्रत्येक सभा जनतेसाठी खुली राहील. अपवाद एकच. एखादी चौकशी किंवा विचारविनिमय खासगीत व्हायला हवा असं हजर सदस्यांच्या बहुमताला वाटलं, तर तसा ठराव करून दारं बंद करता येतात. गोंधळ घालणाऱ्याला पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात, पण ती वेगळी गोष्ट. म्हणजे दार लावायचं असलं तरी आधी ते उघड्या सभागृहात, सगळ्यांसमोर हात वर करून लावावं लागतं. त्या दारामागे कोण गेलं आणि कोणी ते लावलं, हे लोकांना कळतं. पक्षाच्या बैठकीत नेमकं हेच कळत नाही.

कॉलनीतल्या त्या मंडळींना हे नक्की सांगा: ते सभागृहात कुणाच्या मेहेरबानीने बसले नव्हते, तो त्यांचा हक्क आहे. नाशिककरांना याची सवय पुन्हा लावावी लागणार आहे. मार्च 2022 मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. मधली जवळपास चार वर्षं महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, लोकांनी निवडून दिलेलं कोणी नव्हतंच, सगळे ठराव प्रशासकांच्या सहीने झाले. एवढ्या काळानंतर कॉलनीतली माणसं वेळ काढून शरणपूर रोडला सभा बघायला येतात, याचं मोल मोठं आहे. ती रिकाम्या हाताने परत गेली तर पुढच्या वेळी येणार नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बैठकच खुली करावी का?

जगात याची वेगवेगळी उत्तरं दिली गेलीत. कॅलिफोर्नियात 1953 पासून ब्राऊन कायदा आहे. तिथल्या नगर परिषदेच्या बहुसंख्य सदस्यांनी सभेबाहेर एकत्र बसून, किंवा एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करत, परिषदेच्या विषयावर मत बनवणं त्या कायद्यात बसत नाही. पण तिथल्या स्थानिक निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, त्यामुळे पक्षबैठकीचा प्रश्नच फारसा येत नाही. न्यूयॉर्क राज्यात पक्ष आहेत. तिथे वाद न्यायालयात गेला, आणि 1985 मध्ये विधिमंडळाने कायद्यातच लिहून टाकलं की पक्षाच्या सदस्यांची बैठक बंद राहू शकते, मग तिथे सार्वजनिक कामाची चर्चा का होईना. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांच्या सभांना लोकांना आणि पत्रकारांना प्रवेश देणारा कायदा 1960 चा. तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता मार्गारेट थॅचर यांनी, तेव्हा त्या नव्याने निवडून आलेल्या खासदार होत्या. त्या कायद्यानेही पक्षाच्या बैठकीला हात लावला नाही.

माझं मत विचाराल तर गटाची बैठक खुली करण्याच्या मागे लागू नका. तुम्हाला गटनेत्याच्या तोंडावर "साहेब, हे चुकतंय" असं म्हणायला कॅमेरा नसलेली एक खोली हवीच. मागच्या बैठकीत तुम्ही शंका काढू शकलात, वादावादी झाली, ती त्या बंद दारामुळेच झाली. तिथे पत्रकार बसवले तर खरी चर्चा त्याच्याही आदल्या रात्री एखाद्या हॉटेलात किंवा कुणाच्या मळ्यात होईल, आणि तिथे तुम्हाला बोलावणंही येणार नाही. नव्या आणि त्यातही महिला सदस्याच्या बाबतीत हे फार सहज होतं.

पण दोन बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

पहिली बाब कागदाची. तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी मला सगळ्यात गंभीर वाटली: नकाशा आणि दोन पानांचं टिपण बैठकीत फिरलं. ते टिपण महासभेच्या विषयपत्रिकेसोबत जोडलेलं होतं का? नसेल, तर ती जागा कोणाला, किती वर्षांसाठी आणि कुठल्या अटीवर जाणार, हे एका गटाला माहीत होतं आणि ज्या सभागृहाला ठराव करायचा होता त्याला माहीत नव्हतं. पक्षाने मत खासगीत बनवावं, पण महापालिकेच्या जागेबद्दलचा कागद खासगी असू शकत नाही. इथून पुढे असं कुठलंही टिपण हातात आलं की पहिला प्रश्न विचारा, "हे डॉकेटमध्ये, म्हणजे विषयपत्रिकेसोबत जोडलेल्या कागदांत, आहे का?" नसेल तर नगरसचिवांकडे लेखी मागा की हे सर्व सदस्यांना विषयपत्रिकेसोबत द्यावं. त्यात पक्षाशी बेइमानी कसलीच नाही. हाच नियम अधिकाऱ्यांनाही लावा. विषय समजावून घ्यायला कोणी अभियंता किंवा नगररचनेतला अधिकारी गटाच्या बैठकीला बोलावला जात असेल, तर तो महापालिकेचा नोकर आहे, पगार सगळ्या करदात्यांचा खातो. एका गटाला सांगितलेलं त्याने बाकीच्यांनाही सांगायला हवं.

दुसरी बाब जागेची. बैठक पक्ष कार्यालयात असो की कार्यकर्त्याच्या घरी, हरकत नाही. पण राजीव गांधी भवनातली गटनेत्यांची दालनं, किंवा महापौरांचं निवासस्थान 'रामायण', या महापालिकेच्या वास्तू आहेत. तिथे बसायचं तर किमान पक्षाचे पदाधिकारी, ठेकेदार आणि इच्छुक संस्थांची माणसं आत नसावीत. तुमच्या बैठकीला नगरसेवकांशिवाय कोण कोण होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी खोलीभर नजर फिरवा.

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण पद जाण्याची भीती घालूनच नव्या लोकांना गप्प बसवलं जातं.

नगरसेवकाच्या पक्षांतराबद्दलचा कायदा वेगळा आहे: महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम 1986. तो महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांना लागतो. त्यात अपात्र ठरण्याची मुख्य कारणं दोन. एक, तुम्ही स्वतःहून पक्षाचं सदस्यत्व सोडलं. दोन, पक्षाने किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने जो आदेश काढला त्याच्या विरुद्ध तुम्ही मतदान केलं किंवा मतदानाला तटस्थ राहिलात, त्यासाठी आधी परवानगी घेतली नव्हती, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफही केलं नाही. महापालिकेच्या सदस्याबाबत त्याचा निर्णय विभागीय आयुक्त करतात. त्यांचं कार्यालय नाशिकरोडला आहे, आणि तुमच्या गटाची नोंदणीही तिथेच झालेली आहे.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. कायदा मतदानाबद्दल बोलतो. बोलण्याबद्दल, प्रश्न विचारण्याबद्दल, सूचना मांडण्याबद्दल, एखादी गोष्ट इतिवृत्तात घ्या म्हणण्याबद्दल त्यात एक शब्द नाही. "बोलायचं नाही" हा गटनेत्याचा हुकूम असेल, कदाचित गटाची शिस्तही असेल, पण तो मोडला म्हणून तुमचं पद जात नाही. पक्ष तुम्हाला समितीवर घेणार नाही, पुढच्या वेळी तिकीट देणार नाही, हे होऊ शकतं, आणि ते खोटं सांगून मी तुम्हाला धीर देणार नाही. पण ती राजकीय किंमत झाली, पद गमावण्यापासून ती फार लांब आहे.

आणखी एक. दर महिन्याच्या विषयांवर बैठकीत "ठरलं" आणि रीतसर पक्षादेश, म्हणजे व्हिप, निघाला, यांत फरक आहे. व्हिप निघाला असेल तर तो कोणत्या विषयावर आहे, कोणाच्या सहीने आहे, तुम्हाला केव्हा मिळाला, हे सगळं कागदावर असतं. तुम्ही लेखी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात आमदार-खासदारांच्या व्हिपबद्दल म्हटलं होतं की अपात्रतेची धमकी सरकार टिकण्या-पडण्याच्या किंवा पक्षाच्या मूळ धोरणाच्या मतदानापुरतीच असावी. तो निकाल राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीबद्दल, म्हणजे आमदार-खासदारांच्या पक्षांतरबंदीबद्दल, आहे, तुमच्या कायद्याबद्दल नाही, म्हणून त्याच्या भरवशावर उडी मारू नका. पण गटनेत्याशी बोलताना तो दाखवायला हरकत नाही. एका मोकळ्या जागेच्या विषयावर व्हिप काढणं त्यांनाही कठीण जाईल. महापौर-उपमहापौरांच्या निवडणुकीत मात्र व्हिप मोडायचा विचारही करू नका, तिथे खरंच पद जातं.

तेव्हा माझा सल्ला असा: मत पक्षाला द्या, पण त्यामागची कारणं सभागृहाला द्या. तुमच्या बाबतीत ते कसं दिसलं असतं, बघा. विषय पुकारला की हात वर करून एवढंच म्हणायचं होतं:

"महोदय, या विषयाला माझा पाठिंबा आहे. माझ्या प्रभागातल्या रहिवाशांच्या वतीने तीन गोष्टी इतिवृत्तात याव्यात. जागा किती वर्षांसाठी देतोय? सकाळ-संध्याकाळ ती सगळ्यांसाठी विनामूल्य खुली राहील का? अट मोडली तर जागा परत घेण्याचा अधिकार कोणाकडे राहील? प्रशासनाने खुलासा करावा."

यात विरोध नाही, व्हिप मोडला नाही, गटनेत्याची मान खाली गेली नाही. पण सभा बघायला आलेल्या मंडळींना कळलं असतं की विषय काय आहे, आणि अधिकाऱ्याने जे उत्तर दिलं असतं ते महापालिकेच्या दप्तरात कायमचं राहिलं असतं. पुढे दहा वर्षांनी त्या जागेला कुलूप लागलं, तर दुसरा कोणी नगरसेवक तेच पान काढून दाखवू शकला असता.

महासभेची इतिवृत्तं कधी वाचली आहेत का? नगरसचिव विभागात जाऊन मागच्या काही सभांची मागवा. सदस्य म्हणून तुम्हाला ती बघायला मिळतातच. बहुतेक पानांवर काय दिसेल ते सांगते: ठराव क्रमांक, विषय क्रमांक, प्रशासनाचा प्रस्ताव जसाच्या तसा, खाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव, आणि "सर्वानुमते मंजूर". का मंजूर केलं, कोणाला काय शंका होती, त्याचं उत्तर काय मिळालं, यातलं काही नाही. पक्षाच्या बैठकीतली ती सगळी वादावादी, तुमच्या शंका, कोणी तरी दिलेलं उत्तर, हे हवेत विरून गेलं. खरं नुकसान इथे होतं. निर्णय आधी ठरल्याचं दुःख एक वेळ सोसता येतं. तो का घेतला याचा शहराकडे एक कागदही नाही, हे परवडणारं नाही.

नाशिकने मोठ्या गोष्टींतही हे पाहिलंय. 2018 मध्ये करवाढीवरून तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आणायचं ठरलं, 1 सप्टेंबरला विशेष महासभा ठेवली गेली. शहरात दुसरा विषय नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर सभेआधीच तो मागे घेतला गेला. ठराव योग्य होता की अयोग्य, हा वाद इथे नको. पण नगरसेवकांनी एकेकाने उभं राहून बाजू मांडायची, आणि मग लोकांसमोर हात वर करायचे, ती घडी आलीच नाही. ज्यांना आयुक्त हवे होते त्या नाशिककरांनाही आपल्या नगरसेवकाने काय केलं असतं हे कळलं नाही, ज्यांना नको होते त्यांनाही नाही.

याच्या उलट, 2025 च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याची नोटीस निघाली तेव्हा काय झालं ते आठवा. झाडांच्या कायद्यात नोटीस आणि हरकतींची तरतूद आहे, म्हणून निर्णयाच्या आधी लोकांना बोलायला जागा मिळाली. माणसं मोठ्या संख्येने आली, रागावून बोलली, गोंधळही झाला. पण ती निर्णयाच्या आधी बोलली. तुमच्या कॉलनीतल्या आजोबांचं म्हणणं तेवढंच आहे.

त्यांना काय सांगायचं, हा तुमचा चौथा प्रश्न. बैठकीत कोण काय बोललं, कोणी कोणाची बाजू घेतली, हे सांगू नका. सहकाऱ्यांनी विश्वासाने बोललेलं बाहेर नेलं की पुढच्या वेळी तुमच्यासमोर कोणी बोलणार नाही, आणि गटात तुमचं वजन शून्य होईल. पण तुमचं स्वतःचं मत हे काही पक्षाचं गुपित नाही. "माझ्या या शंका होत्या, मी त्या पक्षात मांडल्या, गटाचा निर्णय पाठिंब्याचा झाला आणि मी त्याप्रमाणे मत दिलं", हे वाक्य सरळ उभं राहून कॉलनीच्या बैठकीत म्हणता येतं. सभागृहात का बोलल्या नाहीत असं विचारलं तर "बोलायला हवं होतं, पुढच्या वेळी बोलेन" म्हणा. लोक ते समजून घेतात. त्यांना राग येतो तो नजर चुकवण्याचा.

मग त्यांना कामाला लावा. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 मध्येच म्हटलंय की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या मंडळांची, समित्यांची यादी जाहीर करावी, त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्तं बघता येतात का, तेही सांगावं. हे न मागता द्यायचं आहे. न मिळाल्यास दहा रुपयांच्या अर्जावर तो ठराव, त्याला जोडलेली सगळी कागदपत्रं आणि कराराचा मसुदा मागता येतो, फाईल प्रत्यक्ष बघायचीही मागणी करता येते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकमध्येच आहे. पक्षाच्या खोलीत त्यांना जाता येत नाही, पण त्या खोलीतून बाहेर पडून महापालिकेच्या फाईलमध्ये आलेला प्रत्येक कागद त्यांचा आहे.

ठराव झाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. करारनामा अजून झाला नसेल तर वेळेचं बंधन, विनामूल्य प्रवेश आणि जागा परत घेण्याची अट त्यात घालून घ्या. त्यासाठी आयुक्तांना लेखी प्रश्न विचारा, तो अधिकार तुम्हाला कायद्याने आहे. ठरावच कायद्याविरुद्ध असेल तर तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचे अधिकार कलम 451 खाली राज्य शासनाला आहेत. तुमच्या विषयात त्या टोकाला जायची गरज मला दिसत नाही. उगाच शासनदरबारी गेलात तर गटही तुटेल आणि जागेचं कामही अडेल.

स्थायी समितीकडेही लक्ष ठेवा. तिथे सोळा सदस्य, तेही पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे गेलेले, आणि खर्चाचे, निविदांचे बहुतेक विषय तिथेच निघतात. महासभेपेक्षा तिथे बोलणं कमी आणि मंजुरी जास्त. तुम्ही सदस्य नसलात तरी तिची इतिवृत्तं नियमित वाचा.

नाशिकच्या प्रभागरचनेमुळे एक अडचण आणखी वाढते. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. मतदाराला चार नावं असतात, त्यातलं कोण कशाच्या बाजूने होतं हे "मंजूर, मंजूर"मध्ये कळतच नाही. मोठ्या विषयावर मतदान घ्या आणि नावानिशी नोंद करा, अशी मागणी सभागृहात करता येते. दर वेळी नको, त्याने सभा चालणार नाही. पण जमिनीचा विषय असेल, करवाढ असेल, मोठा ठेका असेल, तर जरूर करा. आणि तुम्ही बोललेलं इतिवृत्तात आलं नाही असं दिसलं, तर पुढच्या सभेत ते कायम करण्याच्या वेळी लगेच हरकत घ्या. एकदा कायम झालं की मग कोणी ऐकत नाही.

आता पुढच्या सभेची तयारी. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. ती हातात आली की त्याच दिवशी स्वतःच्या प्रभागाशी संबंध असलेले विषय बाजूला काढा, कॉलनीतल्या चार जाणत्या माणसांना दाखवा आणि त्यांचे प्रश्न लिहून घ्या. ऐनवेळी आलेल्या जादा विषयांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. विषयपत्रिकेत नसलेला विषय सभेत आणण्यावर कायद्याने बंधनं घातली आहेत, म्हणून तसा विषय आला की "याचं डॉकेट कुठे आहे" एवढं विचारलं तरी पुष्कळदा तो पुढच्या सभेवर जातो.

गटाच्या बैठकीच्या आधी गटनेत्यांना एक चिठ्ठी द्या. साधी, चार ओळींची, आदराने लिहिलेली:

"आदरणीय साहेब, विषयपत्रिकेतील अमुक विषय माझ्या प्रभागातील आहे. गटाचा जो निर्णय होईल त्याप्रमाणे मी मतदान करीन. मात्र रहिवाशांचे प्रश्न मी सभागृहात मांडणार आहे, ते आपल्या माहितीसाठी सोबत जोडले आहेत. या विषयावर पक्षादेश काढायचा असल्यास तो कृपया लेखी मिळावा."

आधी सांगितलेलं असलं की सभागृहात तुम्ही उभं राहिल्यावर कुणाला धक्का बसत नाही, आणि गटनेते चांगले असतील तर तेच म्हणतील, हे प्रश्न आपल्या गटाच्या वतीने मांडा. तसं झालं तर गटातल्या बाकीच्या नव्या सदस्यांनाही आपापल्या प्रभागावर बोलायची वाट मोकळी होईल. महासभेचं थेट प्रक्षेपण सुरू करा अशी मागणीही गटाकडूनच यावी असा प्रयत्न करा. एकट्या सदस्याची मागणी टोलवली जाते, गटाची सहसा जात नाही.

चिठ्ठीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दुसरीवर पोच घ्या.